लेखांक सातवा : तांब्याच्या तारेचा सांधा

गेल्या लेखांकात सिलिकॉनच्या चकतीपासून चिप सुटी होईपर्यंतचा वृत्तांत पाहिला. आता त्या चिपला बाहेरच्या मंडलाशी जोडणाऱ्या तारेकडे वळावयाचे आहे. मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या भागाएवढी ही तार पूर्वी बहुधा सोन्याची असे. परंतु २०११ च्या सप्टेंबरात सोन्याचा भाव औंसास एकोणीसशे डॉलरांच्या घरात पोहोचला, आणि त्याच्या आगेमागे कारखानदारांनी ती जागा झपाट्याने तांब्याकडे सोपविली. काटकसर हे मुख्य कारण खरे. तथापि वीज वाहण्यात तांबे सोन्याहून सरस आहे, हेही त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

तांब्याच्या तारेविषयी जी तक्रार असते ती बहुतेक वेळा तारेची नसून सांध्याची असते, हे नांदेड-लातूरकडच्या वायरमनला समजावून सांगण्याचे कारण नाही. कारण डीपीवर तांब्याच्या टोकाला अॅल्युमिनियमची केबल नुसती आवळली तर पावसाळ्याच्या ओलीने तो सांधा खराब होऊन तापू लागतो, आणि म्हणूनच तेथे दोन धातूंचा लग घालण्याचा दंडक आहे. चिपवरचे पॅडही अॅल्युमिनियमचेच असते. मात्र तेथे लग घालण्यास जागा नाही.

तारेच्या टोकाशी ठिणगी पाडून तिची गोळी करतात, आणि उष्णता, दाब व श्राव्यातीत कंपने यांच्या साहाय्याने ती पॅडवर बसवितात. उघड्या हवेत तांबे गंजते, म्हणून गोळी होताना तिच्याभोवती ९५ टक्के नायट्रोजन व ५ टक्के हायड्रोजन यांचे मिश्रण खेळते ठेवावे लागते. शिवाय तांबे कठीण असल्याने दाब थोडा अधिक झाला की मऊ अॅल्युमिनियम बाजूस सरकते, प्रसंगी खालच्या सिलिकॉनलाही तडा जातो.

परंतु खरा घात पुढे होतो. गोळी आणि पॅड यांच्यामध्ये दोन्ही धातूंच्या संयुगांचे अतिपातळ थर तयार होतात व त्यांवरच सांध्याची मजबुती अवलंबून असते. आवरणाच्या इपॉक्सी राळेत क्लोराइडचा अंश राहिला आणि ओल आत झिरपली, तर त्यांपैकी तांबेबहुल थर प्रथम कुरतडला जातो. क्लोराइड या क्रियेत खर्ची पडत नाही, अॅल्युमिनियमशी संयोग पावून पाण्याच्या योगे पुन्हा मोकळे होते. त्यामुळे त्याची अत्यल्प मात्राही पुरते. गोळीच्या कडेपासून निघालेली भेग आत सरकते, आणि काही काळ यंत्र तापले की बंद, निवले की चालू, असा छळ मांडते. यावर उपाय म्हणून तारेवर पॅलेडियमचा पातळ मुलामा देतात व राळेतील क्लोरीन कमी ठेवतात.

कारखान्यातील परीक्षेत १३० अंश उष्णता व ८५ टक्के आर्द्रता यांत, विद्युत्दाब लावून, नमुने ९६ तास ठेवतात. वाहनांसाठी २०१५ साली निघालेल्या तांब्याच्या तारेच्या प्रमाणकाने तर नेहमीच्या दुप्पट मुदतीच्या कसोट्या लावल्या. मात्र ओलीची परीक्षा आणि तापण्या-निवण्याची परीक्षा बहुधा निरनिराळ्या नमुन्यांवर होते, हे मला अपुरे वाटते. मराठवाड्यातील शेतावरच्या सौरपंपाची नियंत्रणपेटी वैशाखात चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात उभी असते, श्रावणात दमट हवेत, आणि रोज तापून रोज निवते. तापमान एक अंशाने वाढता तांबे दशलक्षांत १७ भाग, अॅल्युमिनियम २३, तर सिलिकॉन जेमतेम ३ भाग प्रसरण पावते, त्यामुळे ओलीने अगोदरच क्षीण झालेल्या सांध्यावर हा ताण येतो.

बिघाड झाल्यावर दुरुस्तीवाला सबंध बोर्ड बदलतो, कारण चिप उघडून पाहणे त्याच्या आवाक्यातले नाही. प्रयोगशाळेतही ते जिकिरीचे असते. सोन्याच्या काळात राळ विरघळविण्यास तीव्र नायट्रिक आम्ल बेधडक वापरीत; तेच आम्ल तांब्यालाही खाते, तेव्हा त्यात गंधकाम्ल मिसळून, तापमान उतरवून, बेताबेताने काम करावे लागते, अन्यथा ज्या सांध्याची चौकशी करावयाची तोच तपासनिसाच्या हातून नष्ट होतो.