ज्येष्ठांसाठी झटणाऱ्या संस्थेचे विश्वस्तपद : मान आणि जबाबदारी

१५ जून हा दिवस ज्येष्ठ नागरिकांच्या छळाविषयी जागृती करण्याचा जागतिक दिन म्हणून पाळला जातो. २००६ साली या उपक्रमाला प्रारंभ झाला आणि २०११ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने त्याला अधिकृत मान्यता दिली. या निमित्ताने व्याख्याने होतात, पत्रके वाटली जातात, वृद्धांचे सत्कार होतात. परंतु वर्षाचे उरलेले दिवस हे काम ज्या संस्थांच्या खांद्यावर असते त्या कशा चालतात, त्यांच्या मंडळावर बसणारी माणसे नेमके काय करतात, याविषयी फारसे बोलले जात नाही.

आपल्यापैकी अनेकांना निवृत्तीनंतर कधी ना कधी अशी विचारणा होते. मुख्याध्यापक, बँकेतील अधिकारी, परिचारिका, वकील अशा अनुभवी व्यक्तींची संस्थांना गरज असते. ‘आमच्या मंडळावर या. महिन्या-दोन महिन्यांतून एक सभा असते, फार वेळ द्यावा लागत नाही,’ असे सांगितले जाते. काही जण भिडेखातर होकार देतात, काही जण नसती जबाबदारी नको म्हणून हात जोडतात. या पदाचे खरे स्वरूप दोघांनाही ठाऊक नसते. ते समजावून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

छळ कशाला म्हणावे?

छळ म्हटला की मारहाण डोळ्यांसमोर येते. पण मारहाण हा त्याचा एकच प्रकार झाला. टोचून बोलणे, धाक घालणे, नातवंडांशी बोलू न देणे हा मानसिक छळ होय. वेळेवर जेवण न देणे, औषधे न आणणे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची स्वच्छता न राखणे ही हेळसांड होय. निवृत्तिवेतनाचे पासबुक व एटीएम कार्ड काढून घेणे, वाचून न दाखवता मुखत्यारपत्रावर सही घेणे, गोड बोलून घराचे बक्षीसपत्र करून घेणे ही आर्थिक पिळवणूक होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साठ वर्षांवरील दर सहा व्यक्तींपैकी एकीला वर्षभरात यांपैकी कोणत्या तरी प्रकाराला तोंड द्यावे लागते. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. हे पाहता प्रश्नाचा आवाका ध्यानात यावा.

या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. ज्याच्यावर विसंबून राहावे, त्याच्याकडूनच हा त्रास होतो. रस्त्यावरच्या चोराने पाकीट मारले तर त्याला आपण चोरी म्हणतो. घरच्या माणसाने आईच्या अंगठ्याचा ठसा घेतला तर तो विश्वासाचा घात ठरतो. म्हणूनच वृद्ध माणूस बोलत नाही. तक्रार करायची ती कोणाविरुद्ध? ज्याच्या हातचे उद्या जेवायचे, त्याच्याविरुद्ध!

‘विश्वस्त’ या शब्दाचा अर्थही याच विश्वासाशी जोडलेला आहे. विश्वासाचा गैरवापर रोखण्यासाठी जी संस्था उभी राहते, तिचा विश्वस्त स्वतः विश्वासाच्या कसोटीला उतरला पाहिजे. या पदाविषयी सांगण्याजोगी मुख्य गोष्ट हीच आहे.

मंडळाचे काम कोणते?

पुष्कळांचा असा समज असतो की, विश्वस्त झालो म्हणजे पीडितांच्या घरी जाऊन मुलांची कानउघाडणी करायची. वस्तुतः ते काम प्रशिक्षित समाजसेवकांचे व कार्यकर्त्यांचे आहे. मंडळाचे काम त्यांच्या पाठीशी उभे राहण्याचे, त्यांना नियम आखून देण्याचे आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवण्याचे आहे. तक्रार आली तर ती कोणी ऐकायची, किती दिवसांत भेट द्यायची, नोंदी कोणाच्या ताब्यात राहतील, हे मंडळ ठरवते. पैसा कोठून आला आणि कोठे गेला याचे उत्तरही मंडळालाच द्यावे लागते.

महाराष्ट्रात अशा संस्था बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि त्याचबरोबर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात. दुसऱ्या कायद्यानुसार, शहाणा माणूस स्वतःच्या मालमत्तेची जितकी काळजी घेईल तितकीच काळजी विश्वस्ताने संस्थेच्या मालमत्तेची घेतली पाहिजे. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय संस्थेची स्थावर मालमत्ता विकता येत नाही व कर्जही काढता येत नाही. मंडळात कोणी नवा सदस्य आला किंवा जुना गेला, तर त्या बदलाची खबर नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला द्यावी लागते. अनेक संस्थांत हा अर्ज वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि दिवंगत सदस्यांची नावे अभिलेखात कायम राहतात.

कायद्याने संस्थेला दिलेले स्थान

२००७ साली संसदेने आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम संमत केला. या कायद्यानुसार स्वतःच्या उत्पन्नातून अथवा मालमत्तेतून निर्वाह करू न शकणाऱ्या आई-वडिलांना मुलांकडून निर्वाह खर्च मागता येतो. ज्यांना अपत्य नाही, अशा साठ वर्षांवरील व्यक्तीला तिची मालमत्ता वापरणाऱ्या किंवा पुढे वारसाहक्काने मिळवणाऱ्या नातेवाइकाकडे तो मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. निर्वाह खर्चाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये असून अर्जाचा निकाल साधारणपणे नव्वद दिवसांत लागावा अशी तरतूद आहे.

विश्वस्तांनी विशेष लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे, ज्येष्ठ व्यक्ती स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असेल तर तिने अधिकार दिलेली नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था तिच्या वतीने अर्ज करू शकते. कायद्याने आपल्या संस्थेच्या हाती दिलेले हे साधन आहे. ते वापरायचे तर संस्थेची नोंदणी, ठराव व कागदपत्रे बिनचूक हवीत.

याच कायद्याच्या तेविसाव्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अशी अट असल्याचे सिद्ध झाले पाहिजे. जानेवारी २०२५ मधील निकालात मात्र न्यायालयाने कायद्याचा अर्थ उदारपणे लावावा असे सांगितले आणि मुलाने स्वतंत्रपणे लिहून दिलेल्या वचनपत्राच्या आधारे आईने केलेले बक्षीसपत्र रद्द ठरवले. यावरून घ्यायचा बोध साधा आहे. सही करण्यापूर्वीच ज्येष्ठांना सावध करणे हे खटला लढवण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे. सांभाळाची अट दस्तातच लिहून घ्यावी, हे सांगणारे एक शिबिर अनेक घरे वाचवू शकते. आपल्या वाड्या-वस्त्यांत जमिनीचे भाव वाढले, तसतशी ही सावधगिरी अधिकच गरजेची झाली आहे.

सभेपुढे येणारे प्रश्न

मंडळाच्या सभेत हिशेब मंजूर करणे सोपे असते. विश्वस्ताचा कस लागतो तो अन्य प्रसंगी. आपण तीन प्रसंगांची कल्पना करू या.

पहिला प्रसंग. अंगावर वळ असलेल्या एका आजी कार्यकर्तीला सर्व सांगतात आणि शेवटी हात धरून म्हणतात, ‘बाई, पोलिसांत जाऊ नको. पोरगा आहे माझा.’ मंडळातील काही जणांना तात्काळ तक्रार नोंदवावी असे वाटते. पण त्या आजी अजाण बालक नाहीत. स्वतःचे बरेवाईट ठरवण्याचा त्यांचा अधिकार आपणच हिरावून घेतला, तर आपल्यात आणि त्यांच्या मुलात अंतर ते काय? जिवाला धोका असेल अथवा त्यांची आकलनशक्ती उरली नसेल तरच संमतीवाचून पाऊल उचलावे. एरवी वरचेवर भेट द्यावी, डॉक्टरांकडे न्यावे, शेजाऱ्यांना लक्ष ठेवण्यास सांगता येईल का ते त्यांनाच विचारावे आणि दार उघडे ठेवावे. असे धोरण आधीच लिहून ठेवणे हे मंडळाचे कर्तव्य आहे.

दुसरा प्रसंग. ज्याच्याविरुद्ध तक्रार आली तो संस्थेचा मोठा देणगीदार आहे, किंवा मंडळातील एखाद्या सदस्याचा व्याही आहे. गाव लहान असते, सर्वांचे एकमेकांशी संबंध असतात. अशा वेळी संबंधित सदस्याने आपले नाते सभेत उघड करावे, चर्चेच्या वेळी बाहेर जावे आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी. सभेत ऐकलेले नाव घरच्या जेवणाच्या टेबलावरही उच्चारू नये. एकदा बातमी फुटली की पुढच्या दहा आजी तोंड उघडणार नाहीत.

तिसरा प्रसंग सर्वांत अवघड आहे. संस्थेच्या निवासात राहणाऱ्या, मागेपुढे कोणी नसलेल्या एका आजींना आपले घर संस्थेच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यायचे आहे. ‘तुम्हीच माझे सर्व काही,’ असे त्या मनापासून म्हणतात. संस्थेच्या छपराला गळती आहे, कर्मचाऱ्यांचे वेतन थकले आहे. सभेतील सर्वांना आनंद होतो. अशा वेळी एका तरी विश्वस्ताने उभे राहून विचारले पाहिजे : ज्यांचे जेवण, औषध आणि अंथरूण आपल्या हाती आहे, त्यांना आपल्याला ‘नाही’ म्हणता येईल का?

मुलांविषयी आपण जो प्रश्न विचारतो तोच हा प्रश्न आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमानेही, एक पक्ष दुसऱ्यावर अवलंबून असताना झालेल्या व्यवहाराकडे गैरवाजवी दडपणाच्या संशयाने पाहिले आहे. शिवाय बक्षीसपत्राने मालकी लगेच जाते आणि ते सहजासहजी मागे घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र माणूस जिवंत असेपर्यंत केव्हाही बदलू शकतो. म्हणून निवासातील व्यक्तींकडून बक्षीसपत्र मुळीच घेऊ नये. त्यांनी आग्रहच धरला तर मृत्युपत्र करावे, त्यांनी निवडलेल्या स्वतंत्र वकिलांकडून करावे, साक्षीदार म्हणून संस्थेचे कोणीही नसावे. मृत्युपत्र केले काय, न केले काय, त्यांच्या सेवेत तसूभरही फरक पडणार नाही, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे. असा नियम करणारे मंडळ कदाचित एका घराला मुकेल. विश्वासाला मुकणार नाही.

आपल्या छपराखालीही

छळ फक्त घरांतच होतो असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने एकत्र केलेल्या अभ्यासांनुसार, वृद्धांच्या निवासी संस्थांतील तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी वर्षभरात आपल्या हातून कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ घडल्याचे स्वतःच मान्य केले. ही माणसे दुष्ट असतात असे नव्हे. रात्रपाळीला एकटी मावशी वीस जणांना सांभाळत असेल, तर सहाव्यांदा हाक मारणाऱ्या आजोबांवर तिचा आवाज चढतो. दोन मावश्या ठेवण्यासाठी पैसा उभा करणे हे मंडळाचे काम आहे. न कळवता भेट देणे, भोजनगृहात बसून तेच जेवण जेवणे, व्यवस्थापक जवळ नसताना रहिवाशांशी बोलणे, तक्रारपेटीची किल्ली मंडळाच्या सदस्याकडे ठेवणे या गोष्टी किरकोळ वाटतात. परंतु संस्थेची खरी स्थिती त्यांतूनच कळते.

होकार देण्यापूर्वी

वाचकहो, आपणास असे निमंत्रण आले तर आधी संस्थेची घटना व गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागून घ्या. विश्वस्तांची नावे धर्मादाय कार्यालयात अद्ययावत आहेत का, ते पाहा. तक्रार आल्यावर काय केले जाते याचे लेखी धोरण आहे का, ते विचारा. एक सभा शांतपणे ऐकून या. तेथे कोणी प्रश्न विचारतो का, आणि विचारला तर त्याला उत्तर मिळते की त्याच्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहिले जाते, हे ध्यानात घ्या. हे पद विनावेतन असते, तरी त्यासाठी वेळ द्यावा लागतो. कागद वाचल्यावाचून सही करायची असेल तर नम्रपणे नकार देणेच उचित होय. आपली मुदत संपल्यावर तरुणांसाठी खुर्ची रिकामी करण्याची तयारीही मनाशी असावी.

ज्यांना मंडळावर येणे शक्य नाही त्यांनाही एक गोष्ट करता येईल. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत विनामूल्य चालते. हा क्रमांक आपल्या शेजारच्या आजींच्या दूरध्वनीजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

कोणी तरी ऐकेल, असा भरवसा वाटल्यावाचून वृद्ध माणूस तोंड उघडत नाही. तो भरवसा टिकेल अशी संस्था उभी ठेवणे, हेच विश्वस्ताचे काम आहे.