माळवद ते कोबा : उजनीकाठच्या एका घराची नोंद

"किती खणाचं बांधतोस रं?" आजींनी विचारले. नातू हसला. "आज्जी, आता खण कुठले? अकराशे स्क्वेअर फूट!"

गेल्या दिवाळीनंतर इंदापूर तालुक्यातील एका पुनर्वसित गावठाणात फक्कीने पायाची आखणी चालली होती, तेव्हाचा हा संवाद. मी बारामतीहून वही घेऊन गेलो होतो. स्थापत्याची पदवी माझ्याकडे नाही. जुनी घरे मोजणे आणि बांधणाऱ्यांशी बोलणे एवढाच माझा अभ्यास. हे घर पायापासून गच्चीपर्यंत पाहायचे ठरवले, ते आजींच्या त्या प्रश्नामुळे.

कुटुंबाचे मूळ घर भीमेकाठी होते. उजनी धरणाचे काम 1969 मध्ये सुरू झाले, 1980 मध्ये संपले आणि सुमारे 117 टीएमसीच्या जलाशयाखाली काठची गावे गेली. जुन्या पळसदेवचे पळसनाथ मंदिर पाणी ओसरले की दिसते. 2024 च्या उन्हाळ्यातही दिसले. दगडाचे देऊळ टिकले, मातीची माळवदे विरघळली.

माळवदाची रचना साधी. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर आडव्या किलच्या, त्यांवर पालापाचोळा आणि चिखल, आणि सर्वांत वर हातभर पांढरी माती. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे खण. घर खणांत मोजत, म्हणजे खरे तर हाती असलेल्या लाकडात मोजत.

माती पांढरीच का? वस्तीची जमीन ती पांढरी, कसायची ती काळी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या 'गावगाडा'त या जोडीचे महत्त्व दिसते. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. ती छतावर घातली तर पहिल्याच पावसात घर गळेल. पांढरी दबून घट्ट बसते. नव्या घराचा पायाही याच कारणासाठी काळी ओलांडून मुरूम लागेपर्यंत खणला गेला. साहित्य बदलले, काळीचा स्वभाव बदलला नाही.

"लाकडं गाडीत घालून आणली. माती तिथंच राहिली," आजी म्हणाल्या.

काम उसाच्या हप्त्यांनी पुढे सरकत होते. पहिल्या हप्त्यात जोते, दुसऱ्यात भिंती. विटा जलाशयाच्या उघड्या पडलेल्या काठच्या गाळाच्या होत्या. एप्रिलमध्ये स्लॅब पडला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने त्यावर वाळू-सिमेंटची आळी घालून पाणी भरले. शेजारच्या बायका त्यांना वाफेच म्हणत. काँक्रीट वाळून घट्ट होते, हा समज चुकीचा आहे. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक संयोगातून त्याला बळ येते. म्हणून साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला 10 दिवस ओलावा हवा. त्या उन्हात हे पाणी टँकरने आणावे लागले. त्यात बरेच पैसे गेले आणि खर्चातून गच्चीचा कोबा वगळायचे ठरले.

मला राहवले नाही. पाच इंची उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता खाली सोडतो. आजींची खोली नेमकी त्याखाली होती. माळवदाचा जाड थर ऊन अडवायचा आणि पाणीही. आजच्या घरात ही दोन्ही कामे बऱ्याच अंशी कोबा करतो : विटांचे तुकडे उतार देऊन रचायचे आणि सिमेंटच्या मालात घट्ट बसवायचे. तो शोभेचा खर्च नव्हे. माळवदाच्या मातीचे काम त्याच्याकडे आले आहे. हे मी नातवाला वहीतल्या आकृत्या दाखवून सांगितले. त्याने दोन दिवस विचार केला आणि कंपाउंडची भिंत पुढच्या हंगामावर ढकलली.

पावसाआधी कोबा झाला. त्यात भट्टीवरचे फुटके तुकडे वापरले. म्हणजे छतावर पुन्हा मातीच आली, भाजलेली.

आजींना जिना चढवत नाही. त्यांनी अंगणातूनच विचारले, "पाणी कुठनं उतरायचं?"

नातवाने कोपऱ्यातला पाइप दाखवला.

"पन्हाळ म्हण की मग," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.