हात फिरवावा, पण कुठे आणि किती

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर दिवस मावळताना घोड्यांच्या पाठीवरची खोगिरे उतरतात. खालचे जाड कापड ओढून काढले की घामाने भिजलेल्या पाठीवर एखाद्या घोड्याला तळहाताएवढा कोरडा डाग दिसतो. नवख्याला वाटते, इथे घाम नाही म्हणजे त्रास नाही. जाणता मोतद्दार नेमके उलटे समजतो: खोगीर तिथे इतके दाबून बसले की घामसुद्धा फुटला नाही. तो त्या जागी बोटे टेकवतो आणि नजर मात्र घोड्याच्या कानांवर ठेवतो. कान मागे गेले, कातडी थरथरली, पाठ बोटांखालून खाली निसटली, तर खोगीर बदलायला हवे आणि त्या पाठीला विश्रांती.

जनावरांच्या मालिशची सुरुवात अशी बोटांनी तपासण्यापासून होते. हल्ली कुत्र्यांच्या ‘स्पा’च्या जाहिराती दिसू लागल्यापासून या विषयाला दोन टोके आली आहेत. एकाला हे पैसेवाल्यांचे चोचले वाटतात, तर दुसऱ्याला वाटते की मालिशने संधिवातापासून लकव्यापर्यंत सारे बरे होते. दोघांचेही चुकते.

चोचले म्हणावेत, तर मराठीत ‘खरारा’ हा शब्द आला कुठून? घोड्याच्या अंगावर रोज कडक ब्रश फिरवल्याशिवाय ठाणातले काम संपत नाही, हे पागेत वाढलेल्या कोणालाही ठाऊक असते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान घालावे, गंध-माळा द्याव्यात, असे त्यात सांगितले आहे. घोडेही आपसांत हे करतात. दोन घोडे उलटसुलट तोंडे करून उभे राहतात आणि एकमेकांच्या मानेच्या बुडाशी, खांद्यांमधल्या उंचवट्याजवळ, दातांनी खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवरचा १९९३ सालचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. संशोधकांनी नेमक्या याच जागी हाताने खाजवले, तेव्हा घोड्यांच्या हृदयाचे ठोके दहा टक्क्यांहून अधिक उतरले. दुसऱ्या जागी खाजवून तसे झाले नाही. म्हणजे जागेला महत्त्व आहे. कुठेही चोळून चालत नाही.

आधुनिक काळात घोड्यांच्या मालिशला क्रीडाक्षेत्रात मान मिळवून देणाऱ्यांत अमेरिकेच्या जॅक मेगर यांचे नाव आधी घ्यावे लागते. माणसांच्या स्नायूंवर काम करणाऱ्या या गृहस्थांनी तेच तंत्र घोड्यांवर वापरले आणि १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकी घोडेस्वार संघाच्या घोड्यांवर काम केले.

‘घोड्याची कातडी जाड, त्याला जोर लावल्याशिवाय काय कळणार?’ हा समज पागेत आणि पागेबाहेर सारखाच घट्ट आहे. पण पाठीवर माशी बसली तरी घोडा तेवढीच कातडी थरथरवून तिला उडवतो, हे सगळ्यांनी पाहिलेले असते. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये घोड्याच्या आणि माणसाच्या त्वचेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिले. वेदना टिपणारे मज्जातंतू असलेल्या वरच्या थराच्या जाडीत आणि तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांच्या संख्येत त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. कोपर रोवून चोळलेल्या घोड्याला ते आपल्याइतकेच लागत असावे.

शरीराची रचनाही समजून घ्यायला हवी. घोड्याला आणि कुत्र्याला आपल्यासारखे गळपट्टीचे हाड नसते. पुढचे पाय धडाला सांध्याने नव्हे, तर स्नायूंच्या झोळीने बांधलेले असतात आणि शरीराचे सुमारे साठ टक्के वजन त्याच पायांवर येते. म्हातारा लॅब्रॅडोर गुळगुळीत फरशीवरून उठताना मागचा भाग उचलायला घाबरतो आणि सारा भार पुढे टाकतो. दुखणे कंबरेच्या सांध्यात असते, पण खांदे लाकडासारखे ताठतात ते यामुळे. अशा कुत्र्याच्या मानेपासून खांद्यापर्यंत, केसांच्या दिशेने, तळहात सपाट ठेवून, हाताच्या वजनाएवढाच दाब देत सावकाश हात फिरवला तर त्याला खरोखर मोकळे वाटते. घोड्याच्या गुडघ्याखाली मात्र स्नायू जवळजवळ नसतातच. तिथे असतात ते स्नायुबंध आणि अस्थिबंध. तिथे जोराने रगडून ‘गाठी सोडवू’ म्हणणारा घोड्याचे नुकसान करतो.

मालिशने ‘लॅक्टिक ॲसिड निघून जाते’ हे वाक्य तर प्रत्येक जाहिरातीत असते. श्रमानंतर साठलेले लॅक्टेट शरीर स्वतःच तासाभरात निकालात काढते. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात २०१० मध्ये माणसांवर झालेल्या प्रयोगात तर व्यायामानंतरच्या मालिशने स्नायूतला रक्तप्रवाह अडून हे काम उलट मंदावले. दुसऱ्या दिवशीचा ठणका लॅक्टेटमुळे नसतोच.

याहून धोक्याचा समज तेला-बामाचा आहे. घरात खोबरेल तेलात कापूर घालून छातीला चोळायची पद्धत असते आणि तोच हात मायेने कुत्र्याकडे वळतो. कुत्रा अंग चाटतो. कापूर, टी-ट्री तेल, दुखऱ्या सांध्याला चोळायचे बाम, डायक्लोफिनॅकची मलमे हे सारे चाटण्यावाटे पोटात जाते आणि त्यातून विषबाधा होऊ शकते, जठराला जखमा होऊ शकतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कुत्र्याच्या मालिशला तेल लागतच नाही. घोड्यांच्या बाबतीत २००८ चे बीजिंग ऑलिम्पिक आठवावे. घोडेस्वारीच्या स्पर्धा हाँगकाँगला झाल्या. नॉर्वेच्या संघातल्या एका घोड्याच्या चाचणीत मिरचीतला तिखट घटक कॅप्सेसिन सापडला. चोळायच्या औषधांत तो असतो. त्यापायी संघाचे कांस्यपदक गेले.

‘गप्प उभा आहे म्हणजे त्याला आवडते आहे’ असे मानणाऱ्यांना कुत्रा वारंवार सांगत असतो, पण ते दिसत नाही. तो जांभई देतो, ओठ चाटतो, मान फिरवतो, डोळ्यांतला पांढरा भाग दाखवतो. ही बहुतेकदा ताणाची लक्षणे असतात. खात्री करून घेण्याचा मार्ग सोपा आहे. पाच-दहा सेकंद हात फिरवावा आणि उचलावा. कुत्रा अंग पुढे सरकवून हाताखाली आला तर हवे आहे. उठून गेला तर विषय संपला. धरून, दाबून केलेल्या मालिशला मालिश म्हणू नये.

मग उपयोग किती? २००८ मधील एका अमेरिकी अभ्यासात वेदनामुक्त घोड्यांच्या पाठीवर वाढता दाब देऊन, किती दाबाला घोडा दचकतो ते मोजले. आठवड्याने मालिश केलेल्या घोड्यांची सहनशक्ती सुमारे बारा टक्क्यांनी वाढलेली दिसली. आशा वाटावी असा हा आकडा आहे. पण स्वीडनमधील संशोधकांनी २०२२ मध्ये कुत्र्या-घोड्यांच्या मालिशवरचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पुरावा थोडा आणि कच्चा असल्याचेच त्यांनी म्हटले. त्यामुळे आराम मिळतो असे म्हणावे, रोग जातो असे म्हणू नये. संधिवाताच्या कुत्र्याला मालिशपेक्षा मोठा आधार त्याच्या ताटलीत आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोरांवर चौदा वर्षे चाललेल्या अभ्यासात पंचवीस टक्के कमी खाणाऱ्या कुत्र्यांना सांधेदुखीचे उपचार उशिरा लागले आणि ते इतरांपेक्षा सुमारे पावणेदोन वर्षे जास्त जगले. रोज बिस्किटे चारून रविवारी मालिश करण्यात अर्थ नाही.

काही वेळा तर हात लावूच नये. कातडीत नवी गाठ लागली तर ती चोळू नये. ती मास्ट पेशींच्या कर्करोगाची असेल तर रगडल्याने हिस्टामिन सुटून गाठ फुगते आणि पोटही बिघडते. डॅशहंडने अचानक मागचे पाय ओढायला सुरुवात केली तर मणक्यातली चकती सरकलेली असू शकते आणि तिथे प्रत्येक तास मोलाचा असतो. सुटीनंतर कामाला काढलेल्या घोड्याचे पुठ्ठे दगडासारखे घट्ट झाले, लघवी कॉफीच्या रंगाची आली, तर ते स्नायू तुटत असल्याचे चिन्ह आहे. त्याला चालवू नये, चोळू नये, डॉक्टरांना बोलवावे. निदान आणि उपचार हे १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम आहे, मालिशवाल्याचे नाही.

घरात कुत्रा असेल तर आज संध्याकाळी पाच मिनिटे काढा. तो स्वतःहून जवळ येऊन बसला की मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत सावकाश हात फिरवा, चारही पाय, काखा, पोट हलक्या हाताने चाचपा. कुठे गोचीड आहे, कुठे हाताला गरम लागते, कुठे हात टेकताच तो मान वळवून बघतो, हे लक्षात ठेवा. पुढच्या आठवड्यात तिथे काही वेगळे लागले तर चोळत बसू नका, दवाखाना गाठा.