युनिक्लो : कोळशाच्या गावातले कापडदुकान

जपानच्या होन्शू बेटाच्या पश्चिम टोकाला, यामागुची प्रांतात, उबे हे कोळशाच्या खाणींचे गाव होते. हितोशी यानाई यांनी मार्च १९४९ मध्ये तिथे पुरुषांच्या कपड्यांचे दुकान थाटले आणि त्यावर ‘मेन्स शॉप ओगोरी शोजी’ अशी पाटी लावली. माल मुख्यतः सूटचा होता. पुढे खाणींना उतरती कळा लागली आणि गावाची बाजारपेठही ओसरली. आज जगभर पसरलेल्या युनिक्लो या कंपनीचे मूळ या दुकानात आहे.

हितोशींचा मुलगा तादाशी याचा जन्मही १९४९ चाच. टोकियोच्या वासेदा विद्यापीठातून १९७१ साली पदवी घेऊन तो जुस्को या दुकानसाखळीत नोकरीला लागला, पण वर्षभरही टिकला नाही. १९७२ मध्ये तो घरच्या दुकानात आला आणि कामाच्या पद्धतीवर सरळ बोट ठेवू लागला. परिणाम असा, की सातपैकी सहा नोकर सोडून गेले. झाडलोट, खरेदी, विक्री, हिशेब सगळे अंगावर पडले. वडिलांनी मात्र मुलाला बोल लावला नाही. बँकेचे पासबुक आणि शिक्का त्याच्या हवाली केला.

सूट विकायचा तर गिऱ्हाइकाचे माप घ्यावे लागते आणि बोलण्यात वेळ घालवावा लागतो. विक्रेत्याच्या जिभेवर धंदा चालतो. रोज वापरायच्या साध्या कपड्यांना असे काही लागत नाही. गिऱ्हाइकाने स्वतः घ्यावे, पाहावे आणि पैसे देऊन निघावे. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या सहकारी भांडारांत तादाशी यानाईंना हीच रीत दिसली होती. त्याच धर्तीवर २ जून १९८४ रोजी हिरोशिमात ‘युनिक क्लोदिंग वेअरहाउस’ हे दुकान उघडले. वेळ होती सकाळी सहाची. रांगेत उभ्या असलेल्यांना पाव आणि दूध वाटले गेले आणि गर्दी आवरेना. त्याच वर्षी तादाशी कंपनीचे अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी शिमोनोसेकीत शहराबाहेर, रस्त्याकडेला दुकान निघाले. जागा स्वस्त आणि गाडी लावायला ऐसपैस, असा हा नमुना पुढे प्रांतोप्रांती गेला.

‘युनिक्लो’ हे त्या लांबलचक इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप. १९८८ मध्ये हाँगकाँगला कंपनी नोंदवताना इंग्रजी ‘सी’च्या जागी चुकून ‘क्यू’ पडला. तो दिसायला बरा वाटला म्हणून तसाच ठेवला गेला. हाँगकाँगहून याहून मोलाची गोष्टही आली. तिथल्या जिओर्दानो कंपनीचे स्वस्त पण चांगले पोलो शर्ट पाहून यानाईंच्या ध्यानात आले, की दुसऱ्यांचा माल आणून विकण्यात भाव आणि दर्जा दोन्ही दुसऱ्याच्या हाती राहतात. कपडा स्वतः आखायचा, कारखान्याकडून ठरवून शिवून घ्यायचा आणि स्वतःच्याच दुकानात विकायचा, हा मार्ग अमेरिकेच्या गॅपने आधीच रुळवला होता. युनिक्लोने तोच धरला. १९९१ मध्ये मूळ कंपनीचे नाव ‘फास्ट रिटेलिंग’ झाले आणि १९९४ मध्ये तिचे समभाग हिरोशिमाच्या शेअर बाजारात आले.

माल स्वस्त होता, पण नाव फारसे चांगले नव्हते. १९९५ मध्ये कंपनीने वर्तमानपत्रांत एक अजब जाहिरात दिली : युनिक्लोची निंदा करा आणि दहा लाख येन मिळवा. दहा हजारांच्या आसपास पत्रे आली. एकदा धुतल्यावर शिवण उसवली, कपड्याचा आकार बिघडला, अशा तक्रारींचा त्यांत भरणा होता. स्वतःच्या पैशाने स्वतःवर शिव्या मागवणारा दुकानदार विरळाच. पण या उद्योगातून दर्जाचे दुखणे नेमके कळले. पुढे जपानच्या कापडगिरण्यांत आयुष्य घालवलेल्या कारागिरांना चीनमधल्या कारखान्यांत पाठवण्यात आले. ‘ताकुमी’ म्हणून ओळखली जाणारी ही मंडळी रंगाईपासून शिलाईपर्यंत तिथल्या कामगारांना शिकवू लागली.

कंपनीचे नशीब खऱ्या अर्थाने पालटले ते फ्लीसने. हे उबदार, लवदार कापड तोवर गिर्यारोहकांच्या महागड्या जॅकेटांत दिसे. युनिक्लोने १९९८ च्या शरदात फ्लीसचे जॅकेट १,९०० येनला आणले आणि नोव्हेंबरमध्ये टोकियोच्या हाराजुकू भागातले नवे दुकान जवळजवळ त्याच्याच जोरावर उघडले. कच्चा माल जपानच्या तोरे कंपनीचा, सूत इंडोनेशियात, विणाई-रंगाई-शिलाई चीनमध्ये, अशी व्यवस्था होती. पहिल्या हंगामात २० लाख, दुसऱ्यात ८५ लाख आणि २००० च्या हंगामात २ कोटी ६० लाख नग खपले. रंग होते ५१. नमुने थोडे, रंग भरपूर आणि नगांची संख्या प्रचंड, हे गणित इथे पक्के झाले. जगातल्या इतर बड्या साखळ्या दर पंधरवड्याला नवी फॅशन आणण्यामागे होत्या. युनिक्लो कापडाच्या मागे लागली. कंपनीचे वेगळेपण शोधायचे ते इथेच.

फ्लीस मात्र घरोघरी पोचला आणि लोक कंटाळले. २००१ ची सुमारे ४१,८०० कोटी येनची विक्री पुढच्याच वर्षी ३४,४०० कोटींवर घसरली. लंडनमध्ये २००१ साली चार दुकाने उघडली होती. ती घाईघाईने २१ केली आणि २००३ मध्ये त्यांतली १६ बंद करावी लागली. मध्येच भाजीपाला विकण्याची हुक्की आली, त्या धंद्याचाही २००४ मध्ये गाशा गुंडाळला. यानाईंनी २००३ साली लिहिलेल्या आत्मकथनाच्या नावाचा अर्थच ‘एक विजय, नऊ पराभव’ असा आहे. २००२ मध्ये त्यांनी अध्यक्षपद तरुण सहकाऱ्याकडे सोपवले होते, ते २००५ मध्ये पुन्हा स्वतःकडे घेतले.

पुढची उभारी पुन्हा कापडातूनच आली. तोरेबरोबर तयार केलेले ‘हीटटेक’ २००३ मध्ये बाजारात आले. अंगातून सतत बाष्प निघत असते. हीटटेकमधला रेयॉन ते शोषतो आणि शोषताना थोडी ऊब निर्माण होते. ॲक्रिलिकचे अतिबारीक तंतू हवा अडवून ती ऊब धरून ठेवतात. पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनमुळे कपडा लवकर वाळतो आणि ताणला जातो. एवढे सगळे बनियनइतक्या पातळ कपड्यात. उन्हाळ्यासाठी घाम झटपट वाळवणारे ‘एअरिझम’ नंतर आले. अमेरिकेत न्यू जर्सीच्या मॉलमधली दुकाने २००५ मध्ये चालली नव्हती. पण २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या सोहो भागात मोठे दुकान आणि आरेखनकार काशिवा सातो यांनी आखलेले नवे लाल बोधचिन्ह घेऊन कंपनी उतरली आणि पाय रोवले. २००९ मध्ये जिल सँडर यांच्यासारख्या नामवंत आरेखनकार जोडल्या गेल्या, २०१८ मध्ये टेनिसपटू रॉजर फेडरर आला.

पसाऱ्याबरोबर प्रश्नही आले. चीनच्या शिनच्यांग प्रांतातल्या कापसामागे सक्तीची मजुरी असल्याच्या संशयावरून जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने युनिक्लोच्या पुरुषांच्या शर्टांचा माल अडवला. तिथला कापूस आपण वापरत नाही, असे यानाईंनी नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगताच चिनी समाजमाध्यमांवर बहिष्काराची हाक उठली. चीन हा कंपनीच्या मालाचा कारखानाही आहे आणि मोठी बाजारपेठही, त्यामुळे बोलले तरी पंचाईत, न बोलले तरी पंचाईत. तरी ऑगस्ट २०२४ ला संपलेल्या वर्षात उलाढालीने ३ लाख कोटी येनचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला. नोंदणीकृत मुख्यालय मात्र अजून यामागुचीतच आहे.

भारतातले पहिले दुकान ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीच्या वसंत कुंजमध्ये उघडले. त्या वेळी भारतीय आरेखनकार रीना सिंग यांच्याकडून कुर्त्यांची मालिका करून घेतली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत कुर्ला आणि गोरेगाव इथे दुकाने निघाली. मुंबईकराला हीटटेकची गरज पडणार ती थंड मुलखात निघताना. एरवी त्याच्या कामाचे ते एअरिझमचे बनियन आणि लिननचे सदरे.