स्वायत्त महाविद्यालयात अभ्यासक्रम कोण ठरवतं?

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शिफारस केलेली महाविद्यालयीन स्वायत्तता १९७८ मध्ये तामिळनाडूत प्रत्यक्षात आली. मुंबईच्या सेंट झेवियर्सला ती २०१० मध्ये मिळाली. असं महाविद्यालय अभ्यासक्रम आखतं, परीक्षा घेतं, निकाल लावतं; पदवी मात्र विद्यापीठच देतं.

प्राध्यापकांची खरी ताकद अभ्यास मंडळात असते. विभागप्रमुख अध्यक्ष, विभागातले प्राध्यापक सदस्य. सोबत बाहेरचे विषयतज्ज्ञ, त्यांतला एक कुलगुरूंनी नेमलेला, आणि एक माजी विद्यार्थी. तृतीय वर्ष बीएला कोणता पेपर ठेवायचा, कोणती पुस्तकं लावायची, अंतर्गत गुण किती, याची चर्चा या टेबलावर होते. मग विद्या परिषद मंजुरी देते. तिथेही सगळे विभागप्रमुख असतात, शिवाय ज्येष्ठतेनुसार आळीपाळीने येणारे चार प्राध्यापक.

पैसा मात्र नियामक मंडळाच्या हाती. खासगी महाविद्यालयात तिथे संस्थाचालकांचे प्रतिनिधी पाचपर्यंत, प्राध्यापक फक्त दोन, तेही ज्येष्ठतेवरून नेमलेले. सहकाऱ्यांनी मतदानाने निवडून दिलेले प्राध्यापक तिथे हवेत, आणि दोनाहून जास्त हवेत.