मोजणारी माणसे आणि बोलणारी नभोवाणी

हुकूमशाही जाऊन लोकशाही येते म्हणजे काय होते? राजवाड्यावरचा झेंडा बदलतो, एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. पण त्याआधी पुष्कळ काही घडावे लागते, आणि ते घडवणारी माणसे बहुधा सत्तेबाहेरची असतात. संघटना, धर्मसंस्था, विद्यार्थी, वृत्तपत्रे या साऱ्यांना मिळून 'नागरी समाज' असे जरा जडच नाव आहे. नाव राहू द्या. त्याचे काम पाहायला आपण फिलिपिन्समध्ये जाऊ.

तेथे मार्कोस यांनी १९७२ साली लष्करी कायदा पुकारला. १९८३ मध्ये विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो यांची मनिलाच्या विमानतळावर हत्या झाली. पुढे ७ फेब्रुवारी १९८६ रोजी मुदतीपूर्वीच निवडणूक झाली. मार्कोस यांच्यासमोर अक्विनोंच्या पत्नी कोराझोन उभ्या होत्या.

सरकारी मोजणीवर विश्वास कोणाचा? म्हणून 'नामफ्रेल' या नागरिकांच्या संस्थेचे स्वयंसेवक केंद्राकेंद्रावर बसले आणि निकालपत्रांवरून स्वतंत्र बेरीज करू लागले. वाण्याच्या वहीशेजारी आपणही आपली वही ठेवावी, तसेच हे. सगळ्याच केंद्रांपर्यंत त्यांना पोचता आले नाही, हे खरे. पण सरकारी वहीत मार्कोस पुढे आणि या वहीत कोराझोनबाई पुढे! त्यातच ९ फेब्रुवारीला सरकारी मोजणीतील तीसेक संगणक-कर्मचारी काम टाकून उठले. यंत्रात एक आकडा आणि फलकावर दुसरा, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते खरा निकाल त्या दिवशीच लागला.

२२ फेब्रुवारीला संरक्षणमंत्री एन्रिले आणि सेनाधिकारी रामोस उलटले. त्यांच्याजवळ सैन्य थोडेच. तेव्हा कार्डिनल सिन यांनी 'रेडिओ व्हेरितास'वरून लोकांना रस्त्यावर येण्याचे आवाहन केले, आणि माणसांच्या गर्दीपुढे रणगाडे थबकले. सरकारने केंद्राचा प्रक्षेपकच मोडून टाकला. तेव्हा निवेदिका जून कीथली दुसऱ्या केंद्रावर जाऊन बोलू लागल्या.

आता एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती गौरवाच्या भरात राहून जाते. २४ तारखेच्या सकाळी याच लोकांच्या नभोवाणीने 'मार्कोस पळाले' अशी वार्ता दिली. लोक नाचू लागले, आणि थोड्याच वेळात मार्कोस स्वतः दूरचित्रवाणीवर दिसले! बातमी चुकीची होती. मार्कोस खरोखर गेले ते दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला. धीराची नभोवाणीही अफवेला बळी पडते. आणि त्या घडीला लोक भांबावून घरी परतले असते, तर?

पुढचे काम अधिक किचकट होते. १९८७ मध्ये नवी राज्यघटना आली, पण कोराझोनबाईंच्या कारकिर्दीत लष्करी उठावाचे प्रयत्न थांबेनात. १९८९ चा तर फारच गंभीर होता. १९७२ मध्ये बंद पाडलेली 'ए. बी. एस.-सी. बी. एन.' ही प्रसारण-कंपनी १९८६ मध्ये पुन्हा सुरू झाली होती. २०२० मध्ये संसदेच्या समितीने तिला नवा परवाना नाकारला. आणि २०२२ मध्ये मार्कोस यांचे चिरंजीव बहुमताने अध्यक्ष निवडून आले. या खेपेस मते त्यांना खरोखरच पडली होती.