पोरगी आळशी नाही, रक्त कमी आहे

दोन जिने चढली की धाप लागते, पुस्तक उघडलं की डोळे मिटतात, अम्मीने हाक मारली तरी उठवत नाही. अशी मुलगी घरात असली की "आजकालच्या पोरी आळशी" म्हणून आपण मोकळे होतो. ओरडण्याआधी तिच्या शरीरात जरा खोलवर पाहू या.

शाळेत आपण शिकलोय : पेशी मिळून ऊती, ऊती मिळून अवयव, अवयवांच्या संस्था आणि सगळ्या संस्था मिळून सजीव. रक्त ही एक ऊतीच. तिच्यातली तांबडी पेशी इतकी बारीक, की एका मिलिमीटरमध्ये शंभराहून अधिक ओळीने बसतील. अशा एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू आणि प्रत्येक रेणूत लोहाचे ४ अणू असतात. श्वासातला ऑक्सिजन या लोहालाच चिकटून अंगभर पोहोचतो.

तांबडी पेशी जगते सुमारे १२० दिवस. म्हणून हाडांतली मज्जा दर सेकंदाला २० लाखांच्या आसपास नव्या पेशी घडवते. जुन्या पेशींतलं लोह शरीर पुन्हा वापरतं. पण पाळीत गेलेलं लोह परत येत नाही, ते जेवणातूनच भरावं लागतं. भरलं नाही तर पेशी लहान आणि फिक्या होतात. हृदय जोराने धडधडतं, तरी स्नायूंना ऑक्सिजन कमी पडतो. तळाच्या पायरीवरची उणीव अशी वरपर्यंत येते, आणि दिसतो फक्त थकवा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. कारणं अनेक, पण एक आपल्या दस्तरखानावरही असतं : बायका-मुली शेवटी जेवतात, तेव्हा हंडीत रस्सा उरतो, बोटी नाही.

तेव्हा मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. १५ वर्षांपुढच्या मुलीचं ते १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेनेच होतो असं नाही, म्हणून गोळ्या मनाने सुरू करू नका. ताटात कलेजी, गोश्त, मसूर, हरभरा, पालेभाजी असू द्या. वर लिंबू पिळा. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही.

आणि उद्या हंडी उघडाल, तेव्हा पहिली बोटी तिच्या ताटात वाढा.